मान दोन बोटं वर

कोपरापर्यंत हात आत गेला तरी नोएमीच्या बोटांना झाडाची मान लागली नाही. ती गुडघे टेकून बसली होती, हेल्मेट मागे सरकवलेलं, एक गाल जवळजवळ ढिगाला टेकलेला. आणि तिचा उजवा हात वरच्या काळ्या रंगवलेल्या भुशात, त्याखालच्या जुन्या भुशात, त्याच्याही खालच्या मऊ दमट मातीत शिरत चालला होता. तोरिबिओ दोन पावलं मागे हवेची जाड नळी धरून उभा होता. मनगटापर्यंत जाईल असा त्याचा अंदाज होता. फार तर त्यावर चार बोटं. कोपर दिसेनासं झालं तेव्हा त्याला कसंसंच झालं, आपल्याच शर्टात कुणीतरी न विचारता हात घातल्यासारखं. "पाद्रीनो," डोकं न उचलता ती म्हणाली, "ही झाडं तुम्ही लोकांनी लावलीत की पुरलीत?"

तो हसला. एकतीस वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यानेच तिला हातात धरलं होतं, तेव्हापासून तो तिचा पाद्रीनो, धर्माचा बाप; आणि धर्माच्या मुलीने चेष्टा केली तर हसायचं, एवढं तरी त्या नात्यात येतंच. सकाळी सात वाजता तिचा ट्रक हेझलटन क्रॉसिंग वसाहतीच्या गेटमधून आत आला तेव्हा त्याची छाती फुगली होती, हे खोटं नाही. वसाहतीतले लाल मेपल एकामागून एक वाळत होते, कमिटीला त्याचं कारण लेखी हवं होतं, म्हणून झाडांचा डॉक्टर बोलवायचा ठरला, आणि डॉक्टर म्हणून कोण यावं तर त्याची नोएमी. "ही माझी," त्याने आपल्या माणसांना सांगितलं, "पाण्यावर मी धरलीय हिला." गवत कापायच्या मशीनवर बसलेला विल्बेर म्हणाला, "नुसती धरलीत, जन्म नाही दिलात तेच बरं, दोन तोरिबिओ या व्हर्जिनियाला झेपले नसते." सगळे हसले, नोएमीही हसली, आणि तिने सगळ्यांसमोर त्याच्या गालाचा मुका घेऊन सांगून टाकलं की जूनमध्ये तिच्या लग्नात चर्चमध्ये तिला वेदीपर्यंत नेणार आहे तो हाच म्हातारा, तेव्हा याला उन्हात फार राबवू नका. बाप नसलेल्या मुलीने बापाची जागा त्याला दिली होती. गेल्याच आठवड्यात त्याच्या बायकोने, फिदेलिनाने, त्याच्या कोटाच्या बाह्या उसवून लांब केल्या होत्या.

तेवीस वर्षं तो ही वसाहत राखत होता. एकशे बारा घरं, सगळी एकाच विटेची, एकाच उंचीच्या पायऱ्यांची, दारासमोरचं गवत साडेतीन इंच, ना जास्त ना कमी. मधोमध तळं, तळ्यात कारंजं, आणि वसाहतीला फेरी घालणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेपल; लावले तेव्हा चौसष्ट होते, आता एक्केचाळीस उरले होते. दर एप्रिलला काळ्या मल्चचे, म्हणजे त्या रंगवलेल्या लाकडी भुशाचे, ट्रक यायचे आणि प्रत्येक बुंध्याभोवती नवा ढीग चढायचा, टोकाला निमुळता, बाजूंनी सारखा थापलेला, जुन्या ढिगावर नवा. लोक बाल्कनीतून म्हणायचे, आता खरा वसंत आला. आणि ऑगस्ट सरताना, बाकी सगळं गाव हिरवंगार असताना, या रस्त्यावरचे मेपल महिनाभर आधीच शेंड्याकडून लाल व्हायला लागायचे. रहिवाशांना त्याचा कोण अभिमान. आमची झाडं सगळ्यांच्या आधी रंगतात, म्हणून त्यांचे फोटो फलकावर लागायचे, पाहुण्यांना दाखवले जायचे. घुसमटलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, तसं ते होतं. तोरिबिओला हे पहिली काही वर्षं ठाऊक नव्हतं, आणि नंतर ठाऊक होतं. या दोन्हींच्या मधला दिवस कुठला, ते मात्र त्याला कधी नेमकं सांगता आलं नसतं. एकदा कृषी खात्याच्या कुणा बाईने एक कागद वाटला होता, त्यावर झाडाचं चित्र, बुंध्याशी ढीग, ढिगावर मोठी फुली. त्याने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला होता आणि फिदेलिनाने शर्ट धुतला तेव्हा त्याचा लगदा झाला होता. दुसरा मागून घ्यावा असं काही त्याच्या मनात आलं नाही.

"सुरू करा," नोएमी म्हणाली. त्याने कॉम्प्रेसरचा खटका ओढला आणि आवाजाने सगळी गल्ली भरून गेली. तिने नळीचं तोंड ढिगाकडे धरलं. हवेच्या झोताबरोबर काळा भुसा उधळून गवतावर पडायला लागला. हे यंत्र त्याला मनापासून आवडलं. त्या आवाजात कुणालाच बोलता येत नव्हतं.

झाडाला मान असते हे त्याला आबेलिनोने सांगितलं. नोएमीचा बाप आबेलिनो. म्हणजे सांगायची गरज नव्हती. मायदेशी, उसुलुतानच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यावर दोघं एकाच गल्लीत वाढलेले, रोपं दोघांनीही लावलेली. पण तोरिबिओचं लक्ष पोरींकडे, गाण्याकडे, ट्रकच्या भोंग्याकडे. रोपांकडे लक्ष होतं ते आबेलिनोचं. युद्धातून दोघं एकाच वर्षी पळाले, इथे येऊन एकाच तळघरात राहिले, एकाच मालकाकडे गवत कापायला लागले. अरेतुरे तर होतंच, एकमेकांच्या आयांचा उद्धारही दिवसातून चार वेळा व्हायचा. पण नोएमीच्या डोक्यावर पाणी पडलं त्या दुपारपासून ते कोंपादरे झाले, आणि कोंपादरे झालं की 'तू' संपतं. मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मबाप एकमेकांना तुम्ही म्हणतात, मग आदल्या रात्री एका बाटलीतून प्यालेले का असेनात. चर्चच्या पायऱ्या उतरताना आबेलिनो म्हणाला होता, "कोंपादरे, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय," आणि दोघं पोट धरधरून हसले होते. पुढे सवय झाली. पुढे तर त्या 'तुम्ही'तच जवळीक वाटायला लागली, जशी जुन्या अरेतुरेत कधी वाटली नव्हती. गावाकडची म्हातारी माणसं म्हणायची, भावाशी भांडलात तर देव मिटवतो, कोंपादरेशी भांडलात तर देवसुद्धा मध्ये पडत नाही.

मेपल आले ते शरदात, मुळांचे गड्डे गोणपाटात आणि तारेच्या जाळीत आवळलेले. इतरांनी खड्डे खणायला घेतले तर आबेलिनो गड्ड्याच्या वरची माती बोटांनी उकरत बसला. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरतं ती जागा सापडेपर्यंत उकरली. "ही बघा मान, कोंपादरे. रोपवाटिकेतल्या शहाण्यांनी हिच्यावर वीतभर माती चढवलीय." खड्डा उथळ आणि ऐसपैस खणायचा, गोणपाट सोडायचं, जाळी कापायची, आणि मान जमिनीच्या वर दोन बोटं ठेवायची. तो खरंच तर्जनी आणि मधलं बोट आडवं लावून बघायचा. चौसष्ट झाडांना त्याने बोटं लावली. "झाड तिथून श्वास घेतं. पाय गाडले तर चालतात, मान गाडली की संपलं." तोरिबिओने चिडवलं होतं, "आता एकेकाला टायसुद्धा बांधा म्हणजे झालं." आबेलिनो गंभीरपणे म्हणाला होता, "टाय तुम्ही बांधा. फोरमन तुम्ही आहात." तोरिबिओ फोरमन होऊन तेव्हा जेमतेम अकरा महिने झाले होते. आबेलिनोपेक्षा त्याला झाडांतलं कमी कळत होतं आणि इंग्रजी जास्त येत होतं, आणि फोरमन व्हायला तेवढं पुरतं.

मागे वळून पाहिलं की त्याला वाटायचं, सगळी गोम त्याच्या पुढच्याच मार्च-एप्रिलात आहे. वसाहतीचा कारभार तेव्हा मिसेस पेनिंग्टन बघायच्या. बाई वाईट नव्हत्या. नाताळला प्रत्येक माणसाला नावानिशी कार्ड द्यायच्या, आबेलिनोचं नाव तर अगदी अचूक लिहायच्या. पण रस्त्यापलीकडच्या वसाहतीत बुंध्याभोवती नीटस उभे ढीग होते आणि इथे आबेलिनोने मल्च पसरलं होतं ते थाळीसारखं, सपाट, मधोमध बुंध्याशी रिकामी जागा. "हे असं अर्धवट का दिसतंय?" बाईंनी विचारलं. तोरिबिओने कारण सांगायला तोंड उघडलं, आणि मान या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला आठवेना. म्हणजे माणसाच्या मानेचा शब्द येत होता, पण झाडाला मान असते असं इंग्रजीत म्हटलं तर बाई हसतील, असं त्याला वाटलं. एवढ्याशा हसण्याला भिऊन तो म्हणाला, "अजून काम चालू आहे. पुरं होईल." इतकी साधी गोष्ट. पुढे कधी झोप आली नाही की तो हेच वाक्य वेगवेगळं बोलून बघायचा, आणि प्रत्येक वेळी इंग्रजी सुरेख जमायचं.

मग ढीग करायचा हुकूम निघाला. आबेलिनोने केले. आठवड्याने तोरिबिओच्या लक्षात आलं की ढीग आतून पोकळ होतायत. काम सुटल्यावर, बाकीचे ट्रकमध्ये बसल्यावर, आबेलिनो मागे राहून चार-चार झाडांच्या माना हाताने मोकळ्या करत होता. बाहेरून ढीग, आत श्वास घ्यायला जागा. युक्ती झकास होती. तोरिबिओने तिकडे काणाडोळा करायला हवा होता, आणि काही दिवस केलाही. पण एका गुरुवारी मिसेस पेनिंग्टन कमिटीच्या दोघांना घेऊन फेरीला निघाल्या, एका ढिगाला बुटाचं टोक लागलं आणि तो आत ढासळला. बाईंनी तोरिबिओकडे पाहिलं. दहा माणसं फावड्यांवर रेलून उभी होती. आबेलिनो पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, "कोंपादरे, ढीग करीन मी, पण मानेपासून वीतभर लांब. त्यांना सांगा तसं." आणि तोरिबिओ म्हणाला, "तुला सांगितलंय तेवढं कर. हा तुझ्या बापाचा कॉफीचा मळा नाही."

तुला. तुझ्या. दोनदा. फावड्यावरचे हात थांबले. विल्बेर तेव्हा नवा होता, त्याने खाली मान घातली ती जणू आपल्यालाच कुणी मारलं अशी. मिसेस पेनिंग्टनना स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं, त्या समाधानाने हसल्या. आबेलिनोने काय केलं? काहीच केलं नाही. त्याने भुसा ओढायचा दातेरी पंजा उचलला आणि संध्याकाळपर्यंत ढीग रचले, भरीव, देखणे, एकाहून एक सरस. तसे ढीग वसाहतीत पुन्हा कुणाला जमले नाहीत. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी तो तोरिबिओच्या ट्रकपाशी आला, खिशातून छाटणीची कात्री काढून पुढे केली आणि म्हणाला, "तुमची कात्री माझ्याकडे राहिली होती, कोंपादरे." सोमवारी तो छपरांच्या कामावर गेला. जन्मभर जमिनीवर ओणवा असलेला माणूस पुढची सगळी वर्षं लोकांच्या छपरांवर चढला. वाढदिवसांना, नाताळला, कुणाच्या मयताला भेट व्हायची. फिदेलिना ताटात पुपूसा, मक्याच्या सारण भरलेल्या भाकऱ्या, वाढायची, वर कोबीचं आंबट लोणचं, आणि आबेलिनो म्हणायचा, "घ्या की कोंपादरे, तुम्ही काही घेतच नाही." एकदाही त्याने तो विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि माफी मागायला मधलं अंतर फार हवं असं नाही, अंगणच होतं, दोन खुर्च्याच होत्या. पण आज नको, पोरं आहेत. आज नको, त्याची तब्येत बरी दिसत नाही. आज नको, आज तो हसतोय. अशा किती आजांवर तोरिबिओने नवनवे थर चढवले.

नोएमीने हात वर केला. त्याने खटका पाडला. शांतता इतकी एकदम पडली की तळ्यातलं कारंजं ऐकू आलं. ढिगाच्या जागी आता गुडघाभर खोल वर्तुळाकार खड्डा झाला होता आणि त्यात मुळं उघडी पडली होती. सरळ बाहेर धावणारी नव्हे, तर बुंध्यालाच वळसे घालणारी. वरच्या मल्चमध्ये अन्न आहे असं समजून झाडाने वर मुळं फोडली होती, ती गोल फिरत राहिली आणि जाड होत गेली. एक तर मनगटाएवढं, खोडात रुतलेलं, दोराने गळा आवळावा तसं. नोएमीने त्याच्यावरून बोट फिरवलं. "स्वतःच्याच मुळाने," ती म्हणाली. मग खड्ड्याच्या काठावर बसून तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि अर्धी त्याला दिली.

"पाद्रीनो, एक सांगू? हे काम मला मिळालं तेव्हा मी नाही म्हणणार होते."

"का गं?"

"बाबांची झाडं आहेत ना ही." ती बाटलीच्या झाकणाशी खेळत होती. "मी शाळेत होते. ते मला आणायला यायचे तेव्हा मुद्दाम या रस्त्याने गाडी घालायचे. एकदा ऑगस्टमध्ये झाडं लाल झालेली. मी म्हटलं, किती छान. तर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, छान नाही, मरतायत ती. माझ्या हातून खोल लागली. मी चुकलो."

तोरिबिओने बाटली हातातच धरली. "असं म्हणाला तो?"

"कितीदा तरी. शेवटपर्यंत. म्हणून तर मी हे शिकले, तुम्हाला नाही माहीत? मला वाटायचं, मी मोठी होऊन बाबांची झाडं बरी करीन." ती हसली. "आता बघा, बरी करायला नाही, पंचनामा करायला आलेय. कारणाच्या रकान्यात लिहायचंय, लागवडीतला दोष. बापाच्या नावाने. नाव नसतं म्हणा तिथे. पण मला ठाऊक ना."

त्याला एकदम बसावंसं वाटलं, पण बसायला जागा म्हणजे खड्ड्याचा काठ, तिच्या शेजारी. तो उभाच राहिला. तेवीस वर्षं त्याने जो धोंडा छातीवर वागवला, तो आबेलिनोने केव्हाच उचलून स्वतःच्या पोरीसमोर स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. का? तर कोंपादरेबद्दल पोरीजवळ वाईट बोलायचं नसतं. तिचा पाद्रीनो तिच्यासाठी आख्खा राहायला हवा. ज्या माणसाला चौसष्ट झाडांना दोन बोटं लावल्याशिवाय चैन पडलं नाही, त्याने म्हणावं, माझ्या हातून खोल लागली? तोरिबिओला राग आला. मेलेल्या माणसाचा असा राग यावा याची त्याला लाज वाटली, तरी आला. कुणी मागितलं होतं हे? आणि रागाच्या मागून, दबकत, चोरपावलांनी, एक सुटकाही आली. आता काही बोलायलाच नको. पोरीनेच बापाला दोषी धरलंय, बापानेच तसं सांगितलंय, कागदावर तसंच उमटेल. मालकाचं या वसाहतीचं कंत्राट राहील. शरदात आपण कामातून मोकळे होऊ. जूनमध्ये लांब केलेल्या बाह्यांचा कोट घालू, ती दंडात दंड अडकवेल, ऑर्गन वाजेल. आबेलिनो स्वतः मूग गिळून गेला. आपण फक्त त्याचा शब्द राखायचा. चांगुलपणासारखंच दिसत होतं ते.

"त्यांनीच लावली ना ही?" नोएमीने विचारलं. "सगळी?"

"सगळी," तो म्हणाला. "एकूण एक." यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि इतकं खोटं तो आजवर बोलला नव्हता.

तिने मान डोलावली, हेल्मेट चढवलं. "आता जुन्या मातीपर्यंत जाऊ. किती खोल लागलंय ते मोजून घेते, मग झालं." त्याने खटका ओढला. पुन्हा आवाज. आता तिने झोत बारीक केला आणि मुळांच्या मधून, बुंध्याला लगटून, हळूहळू खाली जायला लागली. काळी माती उडत होती. तो एकटाच असा होता की ज्याला खाली काय निघणार ते ठाऊक होतं. ही काळी माती म्हणजे माती नव्हेच, त्याच्या बावीस-तेवीस एप्रिलांचा कुजलेला थर. इथली खरी माती लाल, चिकट, ओली झाली की बुटाला सोडत नाही अशी. ती लागली की पोरीला कळेल. म्हणजे त्याच्याकडे एवढाच वेळ होता, काळं संपून लाल लागेपर्यंतचा. तो खटका पाडू शकत होता. पाडून म्हणू शकत होता, थांब, मला काही सांगायचंय. मातीने सांगण्याआधी त्याने सांगितलेलं आणि मातीने सांगितल्यावर त्याने सांगितलेलं, यात जमीनअस्मानाचा फरक होता, आणि तो फरक त्याला जितका कळत होता तितका हात जड होत होता. खटक्यावर अंगठा होता. अंगठ्याला यंत्राची थरथर लागत होती. आता, तो मनात म्हणाला. हे मूळ मोकळं झालं की. हे दुसरं झालं की.

झोतातून लालसर धूळ उठली. नोएमीने नळी बाजूला केली, तरी यंत्र चालूच होतं. तिला दोनदा हात हलवावा लागला तेव्हा त्याने ते बंद केलं. ती पोटावर आडवी झाली आणि खड्ड्यात डोकं घातलं. ब्रशने झाडलं. खोड तिथे पसरत होतं, साल काळी पडून कुजलेली, पण आकार स्पष्ट. आणि तो पसारा लाल मातीच्या पातळीच्या वर सुरू होत होता. तिने पोलादी पट्टी लावली, वाचली, पुन्हा लावली. मग पट्टी टाकून दिली आणि ग्लोव्ह काढून बोटं लावली.

"हे खोल नाहीये," ती खड्ड्यातूनच म्हणाली. आवाज घुमला. "पाद्रीनो, हे खोल नाहीये. हे... हे पुस्तकात दाखवतात तसं लावलंय." ती उठून बसली. कपाळाला लाल माती, डोळ्यांत पाणी, आणि चेहरा असा उजळलेला की तोरिबिओने नजर काढून घेतली. "बाबांनी बरोबर लावली होती. अगदी बरोबर. हे सगळं वरून आलंय. वर्षानुवर्षं कुणीतरी वरून..." तिने ढिगांच्या रांगेकडे पाहिलं. रस्त्याच्या वळणापर्यंत ते एका मापाचे, एका हाताचे दिसत होते. "मग बाबा खोटं का बोलले?"

म्हातारा माणूस, विसरला असेल. हे उत्तर तयार होतं, तोंडाशी आलेलं होतं, आणि ती कदाचित त्यावर विश्वासही ठेवती.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. वरातीमागून घोडं, पण सांगितलं. मिसेस पेनिंग्टन, थाळीसारखं मल्च, इंग्रजीत न आठवलेला शब्द, आतून पोकळ केलेले ढीग, गुरुवार. "मी त्याला तू म्हटलं," तो म्हणाला, "दहा माणसांसमोर," आणि ती इथे जन्मलेली, इथल्या शाळेत शिकलेली मुलगी असूनही तिचा चेहरा सगळ्यात जास्त तिथे बदलला. कृषी खात्याच्या कागदाचंही त्याने सांगितलं. ते सांगायची खरं तर गरज नव्हती. लांब कुठेतरी विल्बेर पानं उडवायचं मशीन चालवत होता, ते एकसारखं घोंघावत होतं.

बराच वेळ नोएमी ग्लोव्हमधली माती झटकत राहिली. "अकरा वर्षं मी त्यांची समजूत घालत होते," ती शेवटी म्हणाली. "की बाबा, तेव्हा कुणालाच कळत नव्हतं, इतकं मनाला लावून घेऊ नका. मी त्यांना माफ केल्यासारखं बोलायचे. मी. आणि ते ऐकून घ्यायचे. म्हणायचे, बरं बाई, तू शिकलेली."

तो खाली वाकला आणि तिने टाकलेली पोलादी पट्टी उचलून पुसायला लागला.

"हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ते सारखे दाराकडे बघायचे. मी विचारलं, पाद्रीनोंना बोलावू का? तर म्हणाले, नको. एप्रिल आहे, मल्चचे दिवस. त्यांना मान वर करायला सवड नसेल." तिने डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत अजून राग नव्हता, फक्त ती वाट बघत होती. "खरंच होतं ना तसं? कामात होतात ना तुम्ही?"

इथेही आबेलिनोने त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"त्या आठवड्यात पाऊस होता," तोरिबिओ म्हणाला. "सोमवार ते गुरुवार काम बंद होतं. मी घरी होतो, नोएमी. खिडकीशी बसून होतो."